कोरडी ओळ

संध्याकाळचे पाच. गुलाबांचं पॉलिहाऊस. दाराला कुलूप, कुलपावर सरकारी सील.

फवारणीवाला तडफडून मेला, तेव्हापासून ते बंद होतं. पंपाचं नोझल तुंबलं की तो तोंडानं फुंकून मोकळं करायचा. सगळेच करतात. मास्क फक्त तपासणीच्या दिवशी भिंतीवर टांगायला असतात.

त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. पॉलिहाऊसला टेकूनच तिची खोली. भिंतीपलीकडे अजून फवारणी चालते, बाळासाठी दुसरी खोली द्या, एवढंच ती मागत होती.

"बंद जागेत फवारणी होईल कशी?" मॅनेजर हसला. "तुम्हीही भुतांच्या बातम्या छापायला लागलात?"

"जिवंत माणसांच्या छापल्या, तेव्हा तुम्ही वाचल्या नाहीत," मी म्हणालो.

मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. ऊन कलत होतं. भिंतीपलीकडे पंपाचा दांडा हलू लागला. खस्स... खस्स... मग थांबला. कुणीतरी जोरात फुंकलं.

"तुंबला," ती पुटपुटली. "घाबरू नका, दादा. हेच आहेत. आपल्या भिंतीकडची ओळ सोडतात. मला दिवस गेल्यापासून सोडत आलेत, मॅनेजरच्या शिव्या खाऊन."

औषधाचा उग्र, गोडसर वास माझ्या घशात उतरला.

सकाळी सरकारी निरीक्षकाला अक्षरशः धरून आणलं. सील शाबूत. आत पानापानांतून थेंब ठिबकत होते. भिंतीकडची ओळ तेवढी कोरडी ठणठणीत. पंप खुंटीला, त्यावर कोळ्याचं जाळं.

आता तरी खोली मिळेल, असं मला वाटलं.

"बघा!" मॅनेजर म्हणाला. "बाईच्या बाजूला थेंबसुद्धा नाही. मग खोली कशाला बदलायची?"

निरीक्षकानं मान डोलावली, नवं सील लावलं आणि मॅनेजरबरोबर चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना तिचा फोन आला.

"दादा... आज ओळ सोडली नाही. माझी भिंत ओली झालीय... आतून."

"फुंकल्याचा आवाज आला?"

"नाही. एकदाही थांबला नाही..." तिचा आवाज चिरकला. "हे ते नव्हेत, दादा!"

मी तसाच निघालो आणि तिला उचलून माझ्या बहिणीकडे नेलं. निघण्याआधी भिंत पाहिली. वर कोरडी, खाली कोरडी. ओल फक्त तिच्या खाटेच्या उंचीवर, खाटेच्या लांबीएवढी.

नवं सील शाबूत होतं. आत कोण होतं, असं मी निरीक्षकाला लेखी विचारलंय. मॅनेजरलाही. दोघांचंही उत्तर आलेलं नाही.