सांजेची लाल टोपी

बायको, दैवशाला, गेल्याचं अंगदला केदारखेड्याच्या फाट्यावर कळलं, तेव्हा तो एका दुकानात बॅगेची चाकं फिरवून बघत होता. बॅग प्रियदर्शनीसाठी होती. त्याची एकुलती एक पोर पुण्याला नर्सिंग शिकायला जाणार होती, होस्टेलवर राहणार होती. घर सोडून बाहेर राहणारी ती त्या घरातली पहिलीच. दैवशालेनं सकाळी शेतात जाता जाता बजावलं होतं, निळी आणा, काळीवर धूळ दिसते. फोन शेजारच्या मालनबाईचा आला. "भाऊ, जल्दी या," एवढंच ती म्हणाली. मागे बाया रडत होत्या.

तो शेतात पोचला तेव्हाही बॅग हातातच होती. दैवशाला कपाशीच्या दोन ओळींमध्ये कुशीवर पडलेली होती आणि तिच्या दातांत पांढऱ्या धाग्याचा तुकडा होता. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं.

त्यांच्याकडे दरवर्षी कपाशीचा सीड प्लॉट, म्हणजे कंपनीसाठी बियाणं तयार करायचा तुकडा, असायचा. ते काम ज्यानं केलं नाही त्याला ते सांगावं लागतं. सांजेला, उद्या फुलणारी कळी नखानं सोलायची, आतले तुरे काढून टाकायचे आणि मधल्या उघड्या दांडीवर बोटाएवढी लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढायची, दांडीवर दुसऱ्या ओळीतलं नर फूल घासायचं आणि देठाला पांढरा धागा बांधायचा. टोपी म्हणजे उद्याचं काम, धागा म्हणजे झालेलं काम. आणि रात्रीतून जिची टोपी निघाली ती कळी तोडून फेकायची, कारण तिच्यावर कुठला परागकण बसला ते सांगता येत नाही. या बाबतीत दैवशाला फार कडक होती. मालनबाईनं एकदा पडलेली टोपी गुपचूप परत बसवली, तर दैवशालेनं ती कळी तिच्या डोळ्यांसमोर तोडली आणि वर हसून म्हणाली, "मालन, मला दिसत न्हाई असं वाटलं का?"

तिनं आदल्या सांजेला घातलेल्या टोप्यांपैकी ज्या काढायच्या राहिल्या त्यांना मग कोणी हात लावला नाही. कळ्या पिवळ्या पडल्या आणि टोप्यांसकट गळाल्या. तेराव्यानंतर अंगदनं त्या वेचून शेताच्या कडेला धुऱ्यावर जाळल्या. उरलेला लाल कागद आणि धाग्याची रिळं त्यानं कंपनीच्या माणसाला परत दिली. घरात एक कपटा ठेवला नाही.

दिवाळी तशीच गेली. पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि उठताना म्हणायचे, आता कशाला पाठवता पोरीला, तुम्हाला भाकरी कोण टाकणार.  अंगदला ते पटत होतं. त्याला दैवशालेचा रागही येत होता. स्वतः निघून गेली आणि जाताना पोरीच्या जाण्याचंही पक्कं करून गेली. मग त्याच्या वाट्याला काय ठेवलं तिनं? डोक्यावरचे चार पत्रे आणि म्हैस. प्रिया विचारायची, "बापू, मी जाऊ ना?" तो म्हणायचा, "बघू." फी भरलेली होती. जायची तारीख ठरली होती. तरी तो बघूच म्हणायचा.

एका सांजेला त्याला खुंटीवरच्या छत्रीच्या टोकावर लाल टोपी दिसली. वाऱ्यानं आली असेल असं वाटून त्यानं तिला हात लावला नाही. सकाळी छत्री बॅगेत होती आणि तिच्या दांडीला पांढरा धागा बांधलेला होता.

दुसऱ्या सांजेला टोपी कंगव्याच्या दांडीवर होती. मग चमच्यावर. मग दैवशालेच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीवर. जे सांजेला टोपी घालून दिसायचं ते सकाळी धागा बांधून बॅगेत असायचं. वस्तू नीट रचलेल्या असायच्या, बाटली टॉवेलात गुंडाळलेली.

प्रियानं त्याला चहा देताना विषय काढला. "बापू, तुमीच बॅग भरून राह्यले ना? मंग तोंडानं म्हना की, जा म्हनून."

"मी न्हाई भरत."

"बरं, न्हाई तर न्हाई," ती म्हणाली आणि हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून अंगदनं तिला तसंच समजू दिलं. ती आत गेल्यावर त्यानं बॅग उघडून बाटलीचा धागा चिमटीत धरला. दातानं तोडलेला होता. टोक ओलं होतं.

मालनबाई पोरीसाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. एवढी तिखट केली की होस्टेलातल्या पोरी पळून जातील, असं म्हणत ती बॅगेपाशी बसली. मग तिला धाग्याची गाठ दिसली. तिनं ती बोटानं चाचपली.

"भाऊ, ही गाठ तिची हाये."

अंगदनं बॅगेची चेन ओढून घेतली.

"सकाळपस्तोर टोपीला हात लावू नका मंजी झालं," ती म्हणाली. चटणीचा डबा बॅगेत न ठेवता उंबऱ्याजवळ ठेवून ती गेली. सांजेला त्या डब्याच्या कडीवर टोपी होती.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाली. दिवे लागायच्या वेळी प्रिया बॅगेला टेकून बसल्या बसल्या झोपली. अंगद म्हशीचं दूध काढून आत आला. पोरीचा डावा हात मांडीवर पडला होता. मधल्या बोटावर लाल टोपी होती.

तो तसाच उभा राहिला. म्हणजे आता हीच भरायची राहिली होती. छत्री नेली, कंगवा नेला, लोणचं नेलं, त्यानं काही म्हटलं नाही. त्याला वाटलं, एवढं एक तरी माझ्यापाशी राहू दे.

त्यानं टोपी ओढून काढली. घट्ट बसली होती. कागद कोमट होता.

त्यानं ती चुलीत टाकली. ती लगेच पेटली.

मागून प्रिया झोपेतच म्हणाली, "माय, वारा लागून राह्यला."

तेव्हा त्याला रात्रीतून टोपी निघालेल्या कळीचं आठवलं. त्यानं चुलीत हात घातला. राखच हाताला लागली.

सकाळी बॅगेच्या कडीला धागा होता. पाण्याच्या बाटलीला होता. उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या नव्या चपलांनाही होता.

प्रियाचं बोट उघडं होतं.

ती उठली नाही. तिला न्यायला आलेल्या जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

भोकरदनच्या डॉक्टरांनी पाहिलं. जालन्याला रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. ती बोलते, चार घास खाते, पण तिला अंथरुणातून उठवत नाही. ते बोट टोकापासून पिवळं पडलं. आता पिवळेपणा मनगटापर्यंत आला आहे.

अंगद रोज सकाळी तिच्या बोटाला धागा बांधतो. सांजेला तो सुटून जमिनीवर पडलेला असतो.

काल मालनबाई आली. तिनं हात पाहिला आणि ती उंबऱ्यापाशीच थांबली.

"कळी अजून तोडली न्हाई तिनं," ती हळू म्हणाली. "इचार करून राह्यली."

निळी बॅग दाराशी भरलेली आहे. प्रियाचा धागा तेवढा बांधायचा राहिला आहे.