अंगवळणी

बबडी निजली की तिचं काम सुरू व्हायचं. यंत्रांसोबत येणारी इंग्रजी माहितीपुस्तकं घरबसल्या तपासायची. एक हात पाळण्यावर, एक माउसवर. या कामातला दंडक तिला तोंडपाठ होता. वस्तू नवी असेतोवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल. ती अंगवळणी पडली, "हे काय असतं?" असं कुणी विचारेनासं झालं, की स्मॉल. इंटरनेटचंही तसंच झालं होतं.

दुपारी मुख्य संपादिकेचा फोन आला.

"लिसनरचा एल सगळीकडे स्मॉल कर गं."

"मॅडम, वर्षसुद्धा नाही झालं तो बाजारात येऊन."

"घराघरात आहे आता. तुझ्याकडे नाही का?"

होता. पाळण्याशेजारच्या फळीवर, साबणाच्या वडीएवढा. आईचा आवाज एकदा ऐकवून ठेवला की बाळ रडताच त्याच आवाजात गाणारा. नवऱ्यानं हौसेनं आणला होता. तिला मात्र त्याची चीड यायची. बबडीनं रडावं, हातातलं टाकून आपण धावावं, आणि दारातच कळावं की आपलाच आवाज आपल्याआधी पोचलाय! पोरीनं आपल्याला ओळखायचं तरी कशावरून?

तरी तिनं मुकाट्यानं सगळे एल स्मॉल केले.

संध्याकाळी नवऱ्यानं चहाचा कप लिसनरवर टेकवला.

"अरे, त्याच्यावर काय ठेवतोस?"

"कशावर?"

"लिसनरवर!"

त्यानं फळीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं. "मग? तो काय, असतोच तिथं."

वैतागून तिनं आईला फोन लावला. "आई, ते डबडं मी काढून टाकणार आहे. लिसनर."

"वेड लागलंय का तुला? पोर झोपेल कशी?"

"का? मी झोपत नव्हते?"

"तू कुठली झोपतेस! लिसनर गायला लागल्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही तुझा. मी आपली नुसती दोरी धरून बसायचे."

आई थट्टा करताना आधी स्वतःच हसते. आज हसली नाही.

तिनं तडक फाईल उघडली, एकेक एल परत कॅपिटल केला आणि पाठवून दिली. संपादिका फोनवरच करवादली.

"हा काय पोरखेळ लावलायस? खिडकी, पंखा कुणी कॅपिटल लिहितं का?"

"मॅडम, आज दुपारपर्यंत कॅपिटलच होता. तुम्हीच बदलायला सांगितलंत."

"मी? अगं, लिसनर आपण कधी कॅपिटल लिहिलाय? बाळामुळे झोप होत नाहीये तुझी. दोन दिवस सुट्टी घे."

कुणाकुणाशी भांडायचं? तिनं लिसनरची वायर उपटली, जुन्या दुपट्यात तो गुंडाळला, कपाटात कोंबला आणि किल्ली फिरवली.

आवाजानं बबडी उठली. भोकाड पसरलं. तिनं उचलून छातीशी धरलं, थोपटलं, गाणं म्हटलं. रडणं वाढतच गेलं. बबडी मान मागे टाकून तिच्या हातांतून निसटू बघत होती.

नवरा दारात आला.

"तू थांब ना जरा," तो समजुतीनं म्हणाला. "तिच्या आईला गाऊ दे."

"आणि मी कोण आहे?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

कपाटात गाणं सुरू झालं.

बबडी गप्प झाली. मान वळवून कपाटाकडे बघू लागली.

आवाज तिचा नव्हता. तिनं ऐकवलेलं गाणंही ते नव्हतं. तरी पुढची ओळ, येण्याआधीच, तिला ठाऊक असायची.

बबडीला घेऊन पळायला हवं होतं. दार, जिना, रस्ता.  पण ती पाळण्याला टेकून खाली बसली.

बबडी मांडीवर टक्क जागी होती.

आईचेच डोळे मिटत चालले होते. आपला अंगठा केव्हा तोंडात गेला, तिला कळलंही नाही.