साक्षीदार मासे

शुद्धीकरण केंद्रात येणारे नदीचे पाणी प्रथम काचेच्या एका टाकीतून फिरते, आणि त्या टाकीत सात मासे असतात. नियम एका वाक्याचा आहे: मासे मेल्यास उपसा तत्काळ बंद करावा. मासे जिवंत असताना तो बंद करण्याचा अधिकार मला, म्हणजे केंद्राच्या रसायनज्ञाला, नाही. जिवंत मासा म्हणजे निर्दोष पाणी, हा निष्कर्ष नियमात कुठेही नाही. तो वरिष्ठांनी पदरचा घातलेला आहे.

नदीच्या वरच्या अंगाला रंगांचा एक कारखाना होता. बंद पडताना त्याने आपली पिंपे काठावरच पुरली आणि कोणत्या पिंपात काय आहे, याची यादी तेवढी सोबत नेली. पुढे त्याच काठावर, जागा मोकळी होती म्हणून, आमची उपसाविहीर खोदण्यात आली.

या उन्हाळ्यात पाण्याला कडू बदामासारखा वास येऊ लागला. मी दोनदा लेखी कळवले. सातवा महिना लागलेली माझी लेक तेव्हा माझ्याकडे, केंद्राच्या आवारातल्या घरी, राहायला आली होती. तिला मी पाणी उकळून देत असे. पण पिंपातल्या ऐवजाला उकळण्याचे भय नसते.

दुपारी पंप थांबतात आणि चारला सुरू होतात. त्या अवधीत मी सातही मासे काढून टेबलावर टीपकागदावर ठेवले. मला ते मेलेले हवे होते.

पाऊण तास गेला. कागद भिजला, वाळला. खवले कडेने वळू लागले. कल्ले हलत नव्हते.

डोळे मात्र माझ्यामागे फिरत होते.

पंपचालक तात्या दारात येऊन थबकला.

"साहेब, यांना खायला काय घालता हो तुम्ही?"

"ते तुमचं काम ना?"

"मी अकरा वर्षांत चिमूटभर घातलं नाही. म्हटलं, साहेबांचा जीव आहे त्यांच्यावर, घालत असतील."

फोन वाजला. वरिष्ठ अभियंते होते.

"काय शास्त्रीबुवा, मासे काय म्हणतात?"

"मेले," मी म्हणालो.

"अस्सं? तात्याला द्या जरा."

तात्याने फोन घेतला. टेबलाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

"जिवंत आहेत, साहेब," तो हळूच म्हणाला. "बघतायत."

चारला पंप सुरू झाले.

कोरड्या कागदावर सात तोंडे एकदम उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

थोड्या वेळाने मागच्या घरातून लेकीची हाक आली.

"बाबा, नळ आला. भरून ठेवते हं."