पाहुण्याचा पाहुणचार

"पाहुण्याला कबूतर वाढलंय. तुम्ही पोतं घेऊन या!"

लॉजवाले काका फोनवर कुजबुजले आणि पाणी प्यायला आलेली खार, म्हणजे सगळे याच नावाने हाक मारायचे ती चपळ पोरगी, स्वयंपाकघराच्या दाराशीच थबकली. पाहुणा? अख्ख्या लॉजमध्ये तर मावशी आणि खार, भोपू, ढोल्या ही तीन भावंडंच उतरली होती!

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थंड मुलखातून वाट चुकून या डोंगरात आलेल्या त्या भल्यामोठ्या गरुडाचं 'पाहुणा' हे नाव या भावंडांनीच ठेवलं होतं. आणि तो कुठल्या कड्यावर बसतो, हे काल जेवताना भोपूने आपल्या भोंग्यासारख्या आवाजात साऱ्या लॉजला ऐकवलं होतं!

"तुझ्या तोंडाला कुलूप नाही का रे?" ती भोपूवर खेकसली. "ढोल्या, ऊठ! मावशी, कड्यावर ये लवकर!"

तिघं धापा टाकत वर पोहोचले. खुंटीला कबूतर बांधलेलं, भोवती तारेचा फास. खार ते सोडवायला धावणार तोच आभाळातून सावली कोसळली. कबुतराच्या चिंधड्या उडाल्या. खडक रक्ताने माखला आणि फास गरुडाच्या पायात आवळला गेला.

झुडपातून काका आणि एक मिशीवाला धावत आले. मिशीवाल्याने गरुडाच्या पंखावर काठी हाणली. पुन्हा हाणायला वाकला, तर गरुडाची नखं त्याच्या तळहातात रुतली.

"मेलो! मेलो!"

खारने स्वेटर काढून गरुडाच्या डोक्यावर टाकला. अंधार झाला की शिकारी पक्षी शांत होतो, हे मावशीनेच सांगितलेलं. पण त्याआधी एक नख तिचा दंड फाडून गेलं. काकांनी तिची वेणी धरून तिला खडकावर आपटलं. ती कळवळली, पण स्वेटर सोडला नाही.

आणि जंगलखात्याचे साहेब जवळच असल्यासारखा भोपूने गळा फाडला. "साहेब! चोर सापडले! बंदुका घेऊन या!"

"या! या! या!" सगळी दरी ओरडली.

मिशीवाल्याने रक्ताळलेला हात सावरत धूम ठोकली. काकाही पळाले, पण ढोल्याने पाय घातला आणि आडव्या पडलेल्या काकांच्या पाठीवर चक्क बैठक मारली!

"ऊठ रे, बरगड्या मोडल्या!"

"मावशी आल्याशिवाय नाही!"

मावशी जनावरांची डॉक्टर. तिने आल्या आल्या पंख चाचपला आणि हाड शाबूत आहे म्हणाली. तार कापून स्वेटर उचलताच गरुडाने झेप घेतली. थोडा डगमगत, पण उडाला!

खारच्या दंडावर पट्टी बांधताना मावशीचे डोळे भरून आले. "शाब्बास पोरांनो! पाहुणचार करावा तर असा. आणि भोपू, तुझ्या घशाने आज जीव वाचवला."

"पाहुणा गेला कुठे?" भोपूने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच तो कुजबुजत होता.