आंब्यावरचं ड्रोन आणि चार हजार लाइक

संध्याकाळी सहाला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या, की शांभवीची स्कूटर आपसूक तिकडं वळायची. डोळ्यांदेखत काढलेलं, फेसाळ, कोमट दूध... एक पेला पोटात गेला की दिवसभराचा शीण उतरायचा. आणि शीण तरी केवढा! मंगळवार पेठेतल्या एका सेवा केंद्रात ती लोकांचे ऑनलाइन सरकारी अर्ज भरून द्यायची. चार तास वेबसाइट बंद, उरलेले चार तास लोकांची बोलणी.

तो सगळा राग ती मोबाइलवर काढायची, ‘सर्व्हर डाऊन’ या टोपणनावानं. बातमी कसलीही असो — सरकारचं नवं पोर्टल, नवं रॉकेट, नवी तोफ — तिचा टोमणा खाली ठरलेला. आज तर तिनं कहरच केला होता. उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यानं बनवलेलं ड्रोन सकाळी सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर उडालं आणि थेट आंब्याच्या झाडात जाऊन अडकलं. त्या व्हिडिओखाली तिनं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत चार हजार लाइक पडले.

पेला ओठाला लावणार, तोच शेजारी कुणीतरी मोबाइलमध्ये बघत मोठ्यानं वाचलं, “‘शत्रू आंब्यावर चढून बसला असंल, तर आपला विजय पक्का!’”

शांभवीच्या अंगावर गोड शहारा आला. आपलं वाक्य, परक्याच्या तोंडून! तिनं हळूच नजर टाकली. उंच, सावळा, दाढी दोन दिवसांची, कोपराला ताजं खरचटलेलं. डोळे मात्र... दमलेले, तरी हसरे.

“भारी लिव्हलंय की!” तिला राहवलं नाही. “कुणी लिव्हलंय?”

“हाय कोणतरी सर्व्हर डाऊन. डोकं हाय गड्याला.”

“मग हसू आलं न्हाय तुम्हाला?”

“आलं की. पहिल्या दोन येळंला आलं,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा आमच्या आईनं जयसिंगपूरवरनं फोन करून वाचून दाखवलं... तवा न्हाय आलं.”

दूधवाला गुंडू धार काढता काढता खदखदून हसला. “अवो ताई, त्ये ड्रोन या पावण्याचंच हाय! आत्ता झाडावर चढून काढून आणलंय.”

शांभवीला ठसकाच लागला. दूध नाकात गेलं, डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरून पुढं झाला, मग आपल्याच वरच्या ओठावर बोट ठेवून हळूच म्हणाला, “मिशी आलीय.”

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

“नाव काय तुमचं?”

“नेमगोंडा. पणज्याचं नाव ठेवलंय. समदी ‘नेम’ म्हणत्यात. आज सकाळपासनं ‘चुकलेला नेम’ म्हणालेत.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तो असा सरळ बघत होता, की ती भलतंच बोलून गेली. “ड्रोनच्या नोंदणीचं वगैरे काय अडलं असंल तर आमच्या केंद्रात या. मी भरून देतो.” कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणायची.

“अडलंय की! तीन आठवडं झालं.”

दुसऱ्या दिवशी तो आला. वेबसाइट बंद. तिसऱ्या दिवशी आला. बंद. चौथ्या दिवशी ती सुरू झाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच वेबसाइट चालू झाल्याचं शांभवीला वाईट वाटलं. दहा मिनिटांत अर्ज गेला, पोचपावती निघाली. संपलं काम.

पाचव्या दिवशी तो पुन्हा दारात!

“आता काय ऱ्हायलं?”

“पोचपावती... जरा पुसट आलीय.”

“बघू? ठळक हाय की चांगली!”

“व्हय?” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “मग माझंच डोळं पुसट झालं असतील.”

रांगेतल्या चिमणाबाई आजी तोंडाला पदर लावून हसल्या. शांभवीनं उगाच कीबोर्डवर टकटक केली. पडद्यावर अर्धं पान नुसत्या ‘न’च्या माळेनं भरलं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर त्यानं सगळं सांगितलं. विजयसिंह त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सैन्यात गेला. बर्फातल्या एका चौकीवर अकरा दिवस अडकला, खालून औषध वर पोचेना. पायाची दोन बोटं गेली.

“म्हणून ही मशीन,” नेमगोंडा म्हणाला. “पोटाखाली दोरीनं औषधाचा डबा बांधायचा आणि सोडायचं डोंगरावर. वरीसभर ह्येच करालोय. बुधवारी परत चाचणी हाय. ही शेवटची संधी.”

शांभवीच्या हातातलं दूध तसंच निवलं. घरी जाऊन तिनं पहिल्यांदा आपली कॉमेंट पुसली. पण तोवर ती गावभर झाली होती. तिच्या स्वतःच्या मावशीनंच ती तिला पाठवली होती, ‘बघ गं, कसलं भारी’ म्हणून.

रविवारी ती गच्चीवर बसली आणि त्या व्हिडिओखालच्या सगळ्या कॉमेंटी वाचायला लागली. कशासाठी, तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. एकवीसशे होत्या! ‘ड्रोनला आंब्याचा सीझन कळतोय.’ ‘पाडाला आलेला दिसतोय.’ ‘पुढची चाचणी नारळावर घ्या.’ सगळे तिचेच भाऊबंद. ऊन कलायला लागलं, तेव्हा तिला एक सापडली. गडहिंग्लजच्या कुणा बयाबाईंची.

‘दोरी केवढी लांब सोडलीया! खाली डबा झुलला की वरचं झुलणारच. पोरांनो, पाळणा कधी हलवला न्हाय का?’

खाली लोक नुसते खिदळले होते. शांभवीनं व्हिडिओ पुन्हा लावला. एकदा, दोनदा, बारा वेळा... आणि ताडकन उठली. खरंच की! आधी डबा झुलत होता. मग ड्रोन कलंडत होतं!

पायात चप्पल सरकवून ती सुटली, ती उद्यमनगरात जाऊन थांबली. कारखान्यात नेमगोंडा खोललेल्या मोटारींच्या पसाऱ्यात बसला होता. तिनं धापा टाकत मोबाइल पुढं धरला.

त्यानं वाचलं. व्हिडिओ बघितला. कपाळावर हात मारला.

“आठ दिवस आम्ही मोटारी खोलून बसलोय, आणि ही आजी... अगं, डबा पोटाला घट्ट आवळायचा! झुलायलाच द्यायचा न्हाय!” आनंदाच्या भरात त्यानं तिचे दोन्ही हात धरले. ग्रीसनं माखलेले, गरम हात. “पण तू एवढ्या कॉमेंटी वाचल्यास? कशाला?”

खोटं बोलणं सोपं होतं... फार सोपं.

“सर्व्हर डाऊन... मीच हाय, नेम.”

हात सुटले. तो मोटारींच्या पसाऱ्याकडं वळला.

“विजयसिंहनंबी वाचलीवती ती,” तो म्हणाला. “हसला. म्हणाला, भारी हाय. मला न्हाय आवडलं त्यो हसलेलं.”

“मी पुसून टाकली...”

“पुसली म्हणून गेली व्हय?” त्यानं पान्हा उचलला. “बुधवारी चाचणी हाय. काम हाय मला.”

बुधवारी जायचं नाही, असं तिनं दहा वेळा ठरवलं. अकराव्यांदा रजा टाकली आणि गेली.

गावाबाहेरच्या माळावर दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडं ही गर्दी! पलीकडं अधिकारी आणि नेमगोंडा. निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरलेले, कधी पडतंय याची वाट बघत. वारं असं, की शांभवीची ओढणी शेजारणीच्या तोंडावर जात होती.

ड्रोन उठलं. पोटाशी डबा घट्ट आवळलेला. माणूसभर वर... माडाएवढं वर... आणि डोंगराच्या कुशीतून वाऱ्याचा एक लोट असा आला, की ते एका अंगावर कलंडलं.

“गेलं, गेलं!” गर्दी ओरडली.

शांभवीनं डोळे मिटले नाहीत. मुठी आवळल्या. सावर... सावर की रं!

आणि ते सावरलं! गरकन सरळ झालं, डोंगराकडं झेपावलं. समोरच्या उतारावर चुन्यानं आखलेल्या गोलात अलगद टेकलं, डबा ठेवला आणि गुणगुणत माघारी आलं. एका अधिकाऱ्यानं नेमगोंडाचा हात हातात घेतला, तो सोडेचना. माळावर शिट्ट्यांचा पाऊस!

चाचणीचं ऑनलाइन थेट प्रक्षेपण चालू होतं. शांभवीनं मोबाइल काढला, टोपणनाव पुसून आपलं नाव घातलं — शांभवी सोमशेखर शेटे. आता जे लिहील ते अप्पा वाचणार, मावशी वाचणार, अख्खी मंगळवार पेठ वाचणार.

‘या ड्रोनला टोमणा मारणारी सर्व्हर डाऊन मीच. चुकलो. मशीन भारी हाय. बनवणारा त्याहून भारी हाय. आणि मला तो आवडतो.’

पाठवलं!

दोरीपलीकडं त्याच्या सोबत्यानं त्याला मोबाइल दाखवला. त्यानं वाचलं. मान वर केली. शेकडो चेहऱ्यांतून तिला हुडकलं आणि अधिकाऱ्यांना तसंच सोडून तो चालत आला. दोरीपाशी येऊन थांबला.

“ह्ये खरं लिव्हलंयस... का टोमणा हाय?”

“खरं.”

“पुसणार तर न्हाईस?”

“न्हाय.”

“मग थांब.” त्यानं खिशातून आपला मोबाइल काढला, अंगठ्यानं काहीतरी टाइप केलं आणि आभाळाकडं बघत उभा राहिला. कान लालबुंद.

तिनं पडद्यावर बघितलं. तिच्या ओळींखाली एकच शब्द होता.

‘मलाबी.’

ती हसली... आणि हसता हसता डोळे भरून आले. तेवढ्यात हातात फोन थरथरला. ‘अप्पा.’

“तू बोल,” तिनं फोन त्याच्यापुढं केला.

“मी?” तो दोन पावलं मागं सरला. “ड्रोन उडीवतो एकडाव परत, पण ह्ये न्हाय!”

तिनं दोरीवरून हात घालून त्याची बाही घट्ट धरली आणि फोन कानाला लावला.

“शांभवी! कोण हाय गं त्यो?” अप्पांचा आवाज आजूबाजूच्या दहाजणांना ऐकू गेला.

“अप्पा, घरी येतो आणि सांगतो,” ती म्हणाली. “आईला चहा जरा जास्त टाकायला सांगा. मी एकटी येत न्हाय.”