दोन राजे, एक खोली

शनिवारी दुपारी दोन वाजता उज्ज्वल बॉनमध्ये ट्राममधून उतरला आणि संस्थेच्या तळघराकडे चालू लागला. एक राहिलेलं काम उरकायचं होतं, बाकी काही नाही. दोन दगडी डोकी स्कॅन करायची, फाइल पाठवायची आणि चारच्या आत घरी. डिसेंबरचं धुकं ऱ्हाईनवरून उठून रस्त्यात येऊन बसलं होतं, भरदिवसा दिवे लागले होते. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप होता आणि त्याच्या मागच्या कप्प्यात फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार. चार कागदांना वजन ते काय असणार! पण सगळ्या वाटेत त्याला पाठीवर तेवढेच कागद जाणवत होते.

करार कायमच्या नोकरीचा होता. दर दोन वर्षांनी ज्याचा व्हिसा टांगणीला लागतो त्यालाच त्या शब्दाची किंमत कळेल. पण संस्थेतल्या दगडी संग्रहासाठी माणूस लागायचा एकच, आणि ते काम एकोणीस वर्षं राजानंदमामा करत होते, दरवर्षी नव्या कंत्राटावर. कायमचा माणूस आला की मामांचं कंत्राट मार्चमध्ये संपणार. पेन्शनला अजून चार वर्षं होती. ह्याच मामांनी उज्ज्वलला नागपूरहून इथे आणलं, जर्मन शिकवलं, दोन वर्षं स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. उज्ज्वलने शुक्रवारीच सही केली होती. मामांना सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, जीभच उचलत नव्हती.

तळघरात खिडकी नव्हती. ट्यूबलाइट तडतडत लागल्या. त्याने पूर्वेकडच्या खोलीतून एक डोकं ढकलगाडीवर आणलं, पश्चिमेकडच्या खोलीतून दुसरं, आणि दोन्ही स्कॅनरच्या फिरत्या टेबलावर समोरासमोर ठेवली. दोघेही आर्मेनियाचे राजे, अकराशे वर्षांपूर्वीचे. कुठल्याशा पडक्या चर्चच्या भिंतीवरून शंभर वर्षांमागे कुणी प्राध्यापकाने उतरवून आणलेले. एकाची दाढी लांब, ओठ घट्ट मिटलेले. दुसरा तरुण, डोक्यावर मुकुट. दोघांच्याही पेट्यांवर टंकलेली एकसारखीच पिवळी चिठ्ठी होती : ही दोन एका खोलीत ठेवू नयेत. कारण लिहिलेलं नव्हतं. उज्ज्वलने चिठ्ठ्या वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. दोन्ही राजे एकाच चौकटीत दाखवायची कल्पना त्याचीच होती. त्या कल्पनेवरच तर त्याला नोकरी मिळाली होती.

टेबल घरघरत फिरू लागलं. पाचच मिनिटांत त्याला ओल्या लोकरीचा वास आला. त्याने स्वतःचं जॅकेट हुंगून पाहिलं. जॅकेट कोरडं होतं.

"जय भीम! एकटाच बसलायस होय?"

उज्ज्वल दचकला. दारात मामा, हातात थर्मास. "मामी म्हणाली, चहा देऊन ये आणि येताना त्याला जेवायला घेऊन ये." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली आणि पाय तिथेच थांबले. "दोन्ही बाहेर काढलीस?"

"सोमवारपर्यंत द्यायचंय, मामा. एकाच प्रकाशात हवीत."

"गेनाऊ, बरोबर आहे, हवीतच." मामा हसले, पण आत यायला त्यांनी वेळ लावला. "मी एकोणीस वर्षांत कधी एकत्र ठेवली नाहीत. माझा विश्वास आहे म्हणून नाही बरं का. मामा-भाच्याने एका नावेत बसू नये म्हणायचे आपल्याकडे, तर मी तुला मुद्दाम कडेवर घेऊन नावेत बसलो होतो. आठवतं? पण नियम लिहिलाय तर पाळायचा, एवढंच."

"मामा-भाचे? हे दोघं?"

"वाचलं नाहीस? आल्झो, तर ऐक, हा दाढीवाला सम्बात. बाग्रातुनी घराण्याचा राजा. हा तरुण गागिक, सम्बातच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आर्त्स्रुनी घराण्यातला. दोन्ही घराण्यांत आधीपासून चुरस. एका शहरावरून भाचा मामावर रुसला. शेजारी अमीर टपलेलाच होता. त्याने मामा जिवंत असताना भाच्याला वेगळा मुकुट दिला." मामांचा आवाज खाली आला. "एका देशात दोन राजे. मग अमीर मामावर चालून गेला, आणि भाचा त्याच्या फौजेत."

"आणि मामा?"

"शरण आला. उपाशी ठेवला, छळला... शेवटी तोंडात फडकं कोंबून मारला. प्रेत क्रुसावर टांगलं. भाच्याला पुढे पश्चात्ताप झाला म्हणतात. काय उपयोग?"

उज्ज्वलने चमकून वर पाहिलं. मामा आपल्याला टोचून बोलतायत का? पण मामांचा चेहरा नेहमीसारखाच मोकळा होता. ते थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते आणि वाफ त्यांच्या चष्म्यावर साचत होती. त्या साध्या माणसाची त्याला त्या क्षणी भयंकर लाज वाटली. लाज स्वतःचीच, पण वाटली त्यांच्याकडे पाहून.

त्याने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. ठिपक्याठिपक्यांनी सम्बातचं डोकं तयार होत होतं. कपाळ, नाक, दाढी. आणि तोंड... तोंड उघडं होतं.

त्याने दगडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. जबडा ताणून उघडलेला, आणि आत काहीतरी ठासून भरलेलं. त्याने चित्र मोठं केलं. उभे धागे, आडवे धागे. जाडंभरडं विणलेलं कापड.

"मशीनची चूक असेल," मामा त्याच्या खांद्यामागून म्हणाले आणि खोकले. "पुन्हा घे."

त्याने पुन्हा घेतलं. ह्या वेळी कापडाचं टोक ओठांबाहेर आलेलं होतं. लोकरीचा वास आता इतका दाट झाला होता की श्वासाबरोबर आत जात होता. मामा खुर्चीत बसले. घसा खाकरून म्हणाले, "उज्ज्वल... ती कायमची जागा निघालीय ना. तुला विचारलं का रे त्यांनी?"

हीच वेळ होती. हो म्हटलं असतं तर मामा रागावले असते, कदाचित रडले असते, आणि मग बहुधा म्हणाले असते, घे बाबा, घरातच राहील. उज्ज्वल आपल्या मामांना तेवढं ओळखत होता. तरी त्याच्या तोंडून निघालं, "विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

मामांनी मान डोलावली. डोळ्यांत कौतुक भरून आलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. चहा सांडला. हात गळ्याकडे गेले, आणि घशातून फक्त एक कोंडलेली घरघर आली, फिरत्या टेबलासारखी.

"मामा! मामा, काय होतंय..."

फोनला रेंज नव्हती. जिन्याकडे धावताना त्याची नजर स्क्रीनवर गेली. टेबल फिरतच होतं, आता गागिकची मागची बाजू समोर येत होती. मुकुटाच्या कडेवर चार बोटं होती. गागिकची नव्हेत, आणि सम्बातचीही नव्हेत. मागून, वरून कुणीतरी तो मुकुट डोक्यावर धरून ठेवला होता. हात मनगटापर्यंत दिसत होता, पुढे अंधार.

मामा वाचले. आवाज मात्र गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटका नाही, गाठ नाही, घसा आतून खरवडल्यासारखा झालाय. मग त्यांनी स्टीलची ताटली पुढे केली. तिच्यात करड्या लोकरीचे बोटभर धागे होते. "ह्यांना स्कार्फ चावायची सवय आहे का?" उज्ज्वलने मान हलवली, नाही.

नंदामामीने बाहेर बाकावर त्याचा हात घट्ट धरला. संस्थेतून तिला फोन आला होता. "तू तिथे होतास म्हणून वाचले रे ते. आता त्यांच्याच्याने काम कुठलं होणार? त्या जागेवर तू लागलास हे बरंच झालं. घरातली नोकरी घरातच राहिली." काचेपलीकडे मामा पडून होते आणि त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सोमवारी त्याने दोन्ही डोकी आपापल्या खोल्यांत परत ठेवली, चिठ्ठ्या पेट्यांवर चिकटवल्या आणि फाइल उघडून न बघता पुसून टाकली. मग तो ओळखपत्र काढायला वरच्या मजल्यावर गेला. तिथल्या बाईंनी त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मशीनने लाल खूण दाखवली. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल.

"मागच्या आठवड्यापर्यंत नीट चालत होतं," त्या वैतागून म्हणाल्या आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. खाली वाक्य लुकलुकत होतं : कृपया डोक्यावरचं काढा.

"पण मी काही घातलेलं नाही."

"हो, ते दिसतंय मला. एकदा केसांवरून हात फिरवून बघा ना."

उज्ज्वलने हात वर नेला. हात केसांपर्यंत पोचलाच नाही. त्याआधीच बोटांना गार दगडी कड लागली.