सरांच्या खोलीतलं भुंकणं

खोटं वाटलं तर वाटू दे. मी आजही त्याच घरात राहते, आणि हे भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात, अडीच वाजता.

माझे बाबा सोफ्याची कव्हरं शिवतात. घरामागे वर्कशॉप, आणि त्याच्या राखणीला हवालदार. म्हणजे आमचा कुत्रा. ड्युटीवर कधी न झोपलेला घरातला एकमेव माणूस, असं बाबा म्हणायचे.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, सर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे. रोज अडीचला ते आमच्या लोखंडी फाटकावरून काठी फिरवायचे.

खडखडखड...

हवालदार भुंकला की लगेच नगरपालिकेत तक्रार अर्ज. चोराच्या उलट्या बोंबा.

दोन अर्ज झाले. तिसऱ्या तक्रारीला कुत्र्याला उचलून नेणार, असं आम्हाला कळवण्यात आलं.

मग बाबांनी जाड कापडाचं मुसकं शिवलं. "आता फिरव म्हणावं काठी," म्हणाले.

बाबांची शिवण पक्की असते. दुहेरी टाके, कुठे ढिलं नाही. गिऱ्हाइकं त्याचंच कौतुक करतात.

तोंड उघडून धापा टाकायला जागा ठेवायची तेवढी राहिली.

आम्ही सोफा पोचवायला गेलो. परत आलो तर हवालदार फाटकाशी उन्हात पडलेला. मुसकं जागच्या जागी.

बाबा रडले नाहीत. मीही नाही. खड्डा खणला, हात धुतले, चहा ठेवला. तो प्यायचा राहून गेला.

पाचव्या दिवशी सर दारात आले.

"तुमचं कुत्रं आवरा. माझ्या खोलीत भुंकतंय."

"ते मेलं, सर," मी म्हणाले.

सर पायरीवरच बसले. "त्या दिवशीही मी काठी फिरवली होती. आवाज आला नाही, म्हणून पुन्हा फिरवली."



"मग आता कोण भुंकतंय?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. काहीच नव्हतं...

बाबा उठले. "मला नेऊन दाखवा."

सरांची खोली म्हणजे एक खाट, एक खुर्ची. बाबा खुर्चीत बसले. मी दारात उभी राहिले. सरांनी दोन्ही कान झाकून घेतले.

मला फक्त घड्याळ ऐकू येत होतं.

"तोंड मोकळं आहे का त्याचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

मग सरांचे हात हळूच खाली आले.

"थांबला... तुमच्या पायाशी येऊन बसलाय."

बाबांनी हात खाली सोडला. तसाच धरून ठेवला. हाताला काही लागलं का, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्यानंतर बाबा रोज अडीचला तिकडे जायचे. हवालदार कुठे बसलाय ते सर सांगायचे, बाबा ऐकायचे. भांडण कधी मिटलं, ते दोघांनाही कळलं नसावं.

गेल्या आठवड्यात सर वारले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांच्या घराची किल्ली घेतली आणि वेळेवर निघाले. मी आमच्या बाजूने भिंतीला कान लावला.

"सर, आता कुठे बसलाय तो?" बाबा विचारत होते.

पलीकडे शांतता...

मग बाबा म्हणाले, "बरं."

आणि खुर्ची जरा सरकवल्याचा आवाज आला.

हे लिहितेय तेव्हा सव्वादोन झालेत. बाबा चपला शोधतायत. त्या मी लपवल्यात.